गच्चीवरचा कान

कपडे वाळत घालायच्या स्टँडचे दोन दांडे कापले गेले सकाळी, पण घराला त्याचा पत्ता लागला संध्याकाळी. सासूबाईंनी सवयीने ओला टॉवेल त्यावर टाकला आणि स्टँडने जागच्या जागी गुडघे टेकले.

"सूनबाई," सासूबाई जमिनीवरच्या टॉवेलकडे बघत म्हणाल्या, "या खेपेला काय बनतंय?"

"काही नाही हो आई. छोटंसंच आहे."

'छोटंसंच आहे' हे शब्द कानावर पडले की सासूबाई पुढे एक अक्षर बोलत नसत. आपला रेडिओ, आपलं घड्याळ आणि कानातलं श्रवणयंत्रसुद्धा काढून कपाटात ठेवत, कुलूप लावत आणि किल्ली कमरेला खोचत. मग पुढचे काही दिवस त्यांच्याशी ओरडून बोलावं लागे, पण त्याला इलाज नव्हता. अनुभव हा गुरू खरा, आणि या गुरूने त्यांच्याकडून दक्षिणा म्हणून आतापर्यंत दोन मिक्सर नेले होते.

या सूनबाईंना सगळी बिल्डिंग फ्यूजमावशी म्हणायची. एकदा तिने जिन्यातला दिवा असा केला होता, की माणूस आला की आपोआप लागावा. दिवा लागलाही. पण माणूस येऊन, कुलूप चाचपडून, शिव्या घालून घरात गेला की मग लागायचा. तिसऱ्या दिवशी तिने त्यात 'छोटीशी' सुधारणा केली आणि चार मजले, लिफ्ट आणि तळमजल्यावरच्या दंतवैद्याचं यंत्र एका झटक्यात गार पडलं. दंतवैद्याच्या खुर्चीवरचा पेशंट म्हणे खूप खूश झाला. पण खूश होणाऱ्यांचं मत कोण विचारतं? नाव पडायचं ते पडलं. नुसतं मावशी म्हणून हाक मारली तरी लोकांच्या मनात आधीचा फ्यूज असायचाच. आपल्या ताकदीची कोणीतरी कबुली दिलीय, अशा थाटात मावशीने ते नाव पदवीसारखं स्वीकारलं.

तर या खेपेला झालं होतं असं, की आकाशात एक म्हातारा उपग्रह होता. हवामानाचा. पंचवीस वर्षांपूर्वी त्याला वर सोडलं तेव्हा तो फार तर तीन वर्षं टिकेल असं जाणकार म्हणाले होते. ते जाणकार निवृत्त झाले, त्यांच्या जागी आलेलेही निवृत्तीला आले, आणि हा आपला फिरतोच आहे! दिवसाला चौदा फेऱ्या, ना रविवार ना आजारपणाची रजा. खाली जे दिसेल त्याचं चित्र एकेका ओळीने खाली पाठवायचं, कोणाला हवं असो नसो. आणि गंमत म्हणजे ते चित्र कोणीही घ्यावं! परवाना नको, पासवर्ड नको. आठशे किलोमीटर उंचावरून, घरातल्या छोट्या दिव्याएवढ्या ताकदीने तो अख्ख्या जगाला सांगत होता, की बघा रे, वरून तुमचे ढग असे दिसतात. आणि पुढच्या रविवारी दुपारी बारा वाजता त्याला कायमचा बंद करणार होते.

ही बातमी वाचली तेव्हा मावशी शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होती. ती तिथे मदतनीस होती. म्हणजे प्रयोग मांडायचा मावशीने, करायचा सरांनी, 'वा!' म्हणायचं मुलांनी आणि मग सगळं धुवायचं पुन्हा मावशीने. सतरा वर्षं ती दुसऱ्यांच्या 'वा!'ची भांडी विसळत होती. आयुष्यात एक तरी 'वा!' आपल्या हातचा असावा, एवढंच तिचं म्हणणं होतं. आणि तो आता आठवडाभराने डोक्यावरून जाऊन कायमचा विझणार होता!

म्हणून ते दांडे.

अँटेना म्हणजे काय, दोन ॲल्युमिनियमचे दांडे, प्रत्येकी साडेत्रेपन्न सेंटिमीटर, मध्ये एकशेवीस अंशांचा कोन, त्यांना झाळून जोडलेली केबल, आणि केबलच्या टोकाला अंगठ्याएवढा रिसीव्हर, तो लॅपटॉपला. हे सगळं फरशी पुसायच्या मॉपच्या दांड्यावर बसवून मावशीने गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी उभं केलं. कोन तिने शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजला. दोन पावलं मागे सरून बघितलं. इतकं सुंदर काही आपण आजवर केलं नाही असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर एखादा भला मोठा टोळ पाय फाकून उताणा पडावा तसं ते दिसत होतं, पण सुंदर होतं.

मग सल्ले सुरू झाले. आपल्या लोकांचं एक आहे, उघड्यावर ठेवलेल्या वस्तूला हात लावल्याशिवाय त्यांना तिच्याबद्दल मत देता येत नाही. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "अशी लोळवून काय ठेवलीय? उभी करा की जरा," आणि केली. त्यांच्या मागून आलेल्या दंतवैद्याने "जबडा फार उघडा राहिलाय" म्हणून दोन्ही दांडे जवळ आणले. बुधवारी सकाळी मावशी वर गेली तेव्हा अँटेनाचा चिमटा झाला होता, आणि त्यावर कोणाचा तरी फुलाफुलांचा पलंगपोस वाळत होता. ज्याने घातला त्याला तरी काय बोलणार? त्या दांड्यांचा मूळ धंदाच तो.

उपग्रह मात्र वेळेवर येऊन, पलंगपोसावरून निघून गेला होता.

त्या संध्याकाळी ती डोळ्यांत तेल घालून पहाऱ्याला बसली. कोन पुन्हा मोजला. हेडफोन लावले. साडेपाचला कानात खरखर, खरखर, आणि अचानक स्वच्छ आवाज! मावशी जिन्याच्या तोंडाशी धावली आणि चारी मजल्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "आला! आला! उपग्रह बोलतोय!"

दहा-बारा माणसं धापा टाकत वर आली. मावशीने लॅपटॉपचा आवाज मोठा केला.

"गाडी नंबर चार," उपग्रह म्हणाला, "बाईंची छत्री मागच्या सीटवर राहिलीय, परत आणून द्या."

सगळे बराच वेळ आकाशाकडे बघत राहिले. शेवटी सासूबाईंनी शेजारणीला "काय म्हणाला?" असं विचारलं, शेजारणीने त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, आणि सासूबाई विचार करून म्हणाल्या, "इतक्या उंचावरून छत्री दिसते म्हणजे नजर चांगली आहे हो!"

टॅक्सीवाल्यांचा वायरलेस घुसला होता. मावशीने त्यावर दुसऱ्या दिवशी एक छोटासा फिल्टर बसवला आणि तो प्रश्न मिटवला. पण तोवर तिसऱ्या मजल्यावरच्या तक्रारकाकांचं डोकं दुखायला लागलं होतं.

तक्रारकाका पूर्वी वजनमापं तपासायच्या खात्यात होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तराजूत खोट काढली, आता तराजू नव्हते म्हणून बिल्डिंग होती. "गच्चीवरून किरण येतात," ते म्हणाले. "मंगळवारपासून डोकं ठणकतंय."

"काका, पण अँटेना मंगळवारी दुपारी लावली. तुमचं डोकं सकाळपासून दुखतंय."

"म्हणजे बघा! लावायच्या आधीच एवढा त्रास, तर लावल्यावर किती होईल?"

या युक्तिवादापुढे मोठमोठे शास्त्रज्ञ हात टेकतील. मावशी तर प्रयोगशाळेतली मदतनीस. तरी तिने प्रयत्न केला. "काका, हिच्यातून काही बाहेर जात नाही. हा कान आहे कान, तोंड नाही."

"कानातून काही येत नाही कशावरून?"

काकांनी लेखी तक्रार दिली. आणि इथे खरी पंचाईत झाली, कारण सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे मावशीचे यजमान! हा माणूस इतका नियमाचा, की घरच्या भाजीच्या यादीवरही जावक क्रमांक टाकायचा. त्यांनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला (मावशीचाच, त्यातून उपग्रह बाजूला सारून) आणि तिच्या समोर बसून तिलाच नोटीस टाइप केली.

"सामाईक गच्चीवर विनापरवाना उभारणी," ते पुटपुटत होते. "अगं, तुझी उभारणी किती मीटर धरू?"

"मॉपएवढी."

"मॉप हे माप नाही. तू अशी तुटक उत्तरं देऊ नकोस, मी आत्ता नवरा नाहीये."

मग त्यांनी नोटिशीची प्रत काढली, पोच म्हणून तिची सही घेतली, आणि नियमात 'सदस्याच्या दारावर डकवावी' असं आहे म्हणून बाहेर जाऊन स्वतःच्याच दारावर डकवली. आणि त्याच दारातून, नोटिशीला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून, आत आले.

परवानगीचा अर्ज होता. त्यात 'उभारणीचा प्रकार' या रकान्यात डिश, मोबाइल टॉवर, जाहिरात फलक आणि इतर असे चार पर्याय. मावशीने 'इतर'वर खूण केली. पुढे लिहिलं होतं: 'इतर असल्यास खालीलपैकी कोणते ते नमूद करावे', आणि खाली डिश, मोबाइल टॉवर, जाहिरात फलक. सोबत जोडायची कागदपत्रं: इमारतीला हा भार पेलवेल असा इंजिनिअरचा दाखला. मावशीने मॉप किराणा दुकानाच्या काट्यावर नेऊन तोलला. दुकानदाराने, सवयीने, "अजून थोडा टाकू?" असं विचारलं.

गुरुवारी सभा भरली. खुर्चीवर अध्यक्षबाई, निवृत्त मुख्याध्यापिका; त्यांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं तरी मोठमोठी माणसं हात मागे बांधून उभी राहायची. तक्रारकाका बोलले, वहिनी बोलल्या, पलंगपोसवालीही बोलली. मग कोणीतरी मागून हळूच म्हणालं, "अहो, जिन्यातला दिवा धड लावता आला नाही, आणि चालल्या आकाशातलं चित्र आणायला!" आणि सगळे हसले. टेबलावर इतिवृत्त लिहिणारे सेक्रेटरीही हसले. थोडंसंच. पण मावशीने ते बघितलं.

ती उठून उभी राहिली. कानशिलं तापली होती.

"शनिवारी संध्याकाळपर्यंत मुदत द्या. रविवारी तो उपग्रहच राहणार नाही. शनिवारी चित्र आलं नाही, तर माझी सोल्डरिंग गन, मीटर, स्क्रूड्रायव्हरची पेटी, सगळं सोसायटीच्या कपाटात जमा करीन. पुन्हा जन्मात एका तारेला हात लावणार नाही. घरातला बल्बसुद्धा दुसऱ्याकडून बदलून घेईन!"

आणि टाळ्या पडल्या हो! मुदतीला नाही, बल्बाला. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी तर सुटकेचा असा काही निःश्वास टाकला की पुढच्या रांगेतले कागद हलले.

"मंजूर," अध्यक्षबाई म्हणाल्या. "सेक्रेटरी, नोंद करा."

सेक्रेटरींनी नोंद केली. हात जरा अडखळला, पण केली.

शुक्रवारी उपग्रह आला तेव्हा आकाश मोकळं होतं, कोन बरोबर होता, पलंगपोस नव्हता, टॅक्सी नव्हती. आणि कानात होती फक्त भुणभुण! जाड, चिकट, एकसुरी. लॅपटॉपवर चित्राच्या जागी नुसती राखाडी गोधडी उलगडत गेली. ही भुणभुण बुधवारी नव्हती. म्हणजे अँटेना ठीक आहे. म्हणजे बिल्डिंगमध्येच काहीतरी नवीन ओरडतंय.

शनिवारी सकाळी ती हातात छोटा रेडिओ घेऊन निघाली. डॉक्टर छातीला नळी लावत फिरतो तशी ती एकेका दाराला रेडिओ लावत फिरली. चौथा मजला, भुणभुण. तिसरा, तक्रारकाकांच्या दाराशी मोठी भुणभुण. दुसरा, अध्यक्षबाईंकडे शिस्तीत, पण भुणभुण. दारामागे काय आहे ते पहिल्या मजल्यावर वहिनींनी कौतुकाने दाखवलंच: भिंतीच्या प्लगमध्ये बसवलेली एक पांढरी, गुळगुळीत डबी, तिच्यावर हिरवा दिवा.

"किरणशोषक!" वहिनी म्हणाल्या. "तक्रारकाकांनी सगळ्यांसाठी मागवले. तुमच्या अँटेनाचे किरण हे शोषून घेतं. खूप आराम पडलाय. राग नका मानू हं."

काहीही न फेकणाऱ्या अँटेनापासून वाचायला लोकांनी घराघरात किरण फेकणारं यंत्र बसवलं होतं! असं जगात दुसरीकडे कुठे झालं असेल तर कळवावं.

तिने डब्या मोजल्या. सात. पण रेडिओ ऐकेना. अजून एक कुठेतरी होती, आणि ती सगळ्यांत मोठ्याने बोंबलत होती. मावशी आवाजाचा माग काढत निघाली. आवाज वाढत गेला, वाढत गेला, आणि ती ज्या दारासमोर उभी राहिली त्यावर नोटीस डकवलेली होती.

फ्रिजच्या मागे, पिठाच्या डब्याआड, हिरवा दिवा मिणमिणत होता.

"अहो," मावशी म्हणाली. आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि सेक्रेटरींना तेच जास्त लागलं. "हे काय?"

"अगं, सगळ्यांनी घेतलं... सेक्रेटरी म्हणून मला वेगळं पडून कसं चालेल?"

"तुमचं डोकं दुखत होतं?"

"नाही. पण समजा..."

"समजा काय?"

आयुष्यात पहिल्यांदाच सेक्रेटरींकडे कुठला नियम नव्हता. मावशीने डबी उपसली, टेबलावर ठेवली, आणि चार स्क्रू काढून उघडली. आत एक हिरवा दिवा, एक दीडदमडीचं सर्किट, आणि बाकीच्या जागेत डबी हाताला जड लागावी म्हणून भरलेले खडे. साधे. रस्त्यावरचे. टेबलावर ते घरंगळले तेव्हा सेक्रेटरींनी एक उचलून उजेडात धरला, जणू त्यावर कुठे शिक्का असेल.

"मी हसायला नको होतं," ते खड्याला म्हणाले.

"कधी?"

"सभेत."

मावशीने खडे बशीत भरले. "चला. सात घरं आहेत, आणि साडेपाचला तो येतोय."

तक्रारकाकांनी बशीकडे बघितलं. वजनमापं खात्यातला माणूस! उभ्या आयुष्यात त्यांना दगड घालून कोणी फसवलं नव्हतं. ती तर त्यांनी इतरांना पकडायची गोष्ट होती. कान लाल झाले, मान ताठ झाली.

"मावशी, तुम्हाला यातलं कळत नाही," ते म्हणाले. "हे खडेच तर महत्त्वाचे असतात."

मावशीच्या जिभेवर उत्तर तयार होतं. असलं झणझणीत होतं, की चार मजल्यांवर महिनाभर गाजलं असतं! पण तिने काकांचा चेहरा बघितला, आणि तो तिला ओळखीचा वाटला. गुरुवारी सभेत तिच्या खांद्यांवर हाच चेहरा होता.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "मग असं करू. खडे तुमच्याजवळच ठेवा. मुठीत धरलेत तर शोषतीलही जास्त. फक्त ते प्लास्टिक पंधरा मिनिटं भिंतीतून काढा. त्यालाही जरा विश्रांती."

काकांनी विचार केला. "हे शास्त्राला धरून आहे," ते म्हणाले, आणि स्वतः पुढे होऊन उरलेल्या सहाही घरांतल्या डब्या उपसायला आणि त्यांतले खडे ज्याचे त्याला वाटायला निघाले.

अशा रीतीने शनिवारी सव्वापाच वाजता अख्खी बिल्डिंग मुठीत खडे घेऊन गच्चीवर उभी होती. अध्यक्षबाईंनी आपले रुमालात बांधले होते. सेक्रेटरी काखेत इतिवृत्ताचं पुस्तक घेऊन आले होते. टेबलावर लॅपटॉप, त्याच्या शेजारी सोसायटीच्या कपाटाची किल्ली. ती कोणी ठेवली कोण जाणे, पण बरोबर मावशीच्या नजरेसमोर ठेवली होती.

पाच अठ्ठावीस. खरखर.

पाच तीस. खरखर.

"टॅक्सी तरी लावा," मागून कोणीतरी म्हणालं. कोणी हसलं नाही.

आणि मग त्या खरखरीच्या तळातून, खूप खोल विहिरीतून कोणीतरी टकटक करावं तसं, काहीतरी वर आलं. टिक-टॉक. टिक-टॉक. सेकंदाला दोनदा. आधी इतकं बारीक, की आपल्याच कानाचा भास वाटावा. मग स्वच्छ. मग जवळ. मावशीने हात तोंडावर ठेवला.

"हे काय वाजतंय?" वहिनींनी कुजबुजून विचारलं.

"तो," मावशी म्हणाली. "आपल्याकडे येतोय. ताशी सत्तावीस हजार किलोमीटर."

सगळ्यांच्या माना एकदम वर गेल्या. निळं, रिकामं आकाश. काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आणि त्या काही-नाहीतून आवाज येत होता! सासूबाई माणसांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होत्या. मग एकाएकी त्या वळल्या, गुडघ्यांवर हात देत दोन जिने उतरल्या, कपाट उघडलं, श्रवणयंत्र कानात घातलं आणि जेवढ्या घाईने उतरल्या तेवढ्याच घाईने चढून आल्या. "आता लावा गं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

लॅपटॉपवर एक ओळ आली. मग दुसरी. टिक, एक ओळ. टॉक, एक ओळ. विणकामाची सुई चालावी तसं चित्र उतरत होतं. आधी करडं, मग त्यात काळं, मग पांढरं, आणि पांढऱ्याला कडा, कडांना झालर, झालरीला भोवरा. ढग! वरून बघितलेले ढग! फेसासारखे, पिंजलेल्या कापसासारखे, आणि त्यांच्या फटीतून गडद समुद्र, आणि समुद्राला लागून किनाऱ्याची वेडीवाकडी रेघ.

"पण हे उलटं आहे!" शाळेच्या नकाशाशी आयुष्यभर इमान राखलेल्या अध्यक्षबाई म्हणाल्या.

"तो दक्षिणेकडून उत्तरेकडे चाललाय. त्याला जे आधी दिसलं ते आधी सांगतोय."

यावर सगळ्यांनी मान्य करून कमरेत वाकून माना उलट्या केल्या. तिशीतली, पन्नाशीतली, सत्तरीतली माणसं, खडे धरून, लॅपटॉपसमोर खाली डोकं! शेवटी सेक्रेटरींनी लॅपटॉपच उचलून उलटा धरला आणि तसाच धरून उभे राहिले. हात भरून आले तरी हलले नाहीत. मधेच चित्रावर एक जाड काळी रेघ उमटली आणि "हे कुठलं वादळ?" म्हणून गलका झाला. ते वादळ तळमजल्यावरचं होतं. दंतवैद्य पेशंटची दाढ कोरत होता. चौथ्या मजल्यावरच्या कोणीतरी कठड्यावरून ओरडून त्याला थांबवलं आणि दोन मिनिटांनी दंतवैद्य आणि अर्धा गाल बधिर झालेला पेशंट दोघंही वर आले. पेशंटला बोलता येत नव्हतं. तो चित्राकडे बघून नुसता "ऑं" म्हणाला, आणि खरं तर त्यापेक्षा जास्त कोणालाच काही सुचत नव्हतं.

"आपण कुठे?" तक्रारकाकांनी विचारलं. आवाज वेगळाच होता.

मावशीने बोट ठेवलं. "हा किनारा. हा पश्चिमेकडून सरकणारा मोठा ढग बघा, स्वल्पविरामासारखा. त्याच्या उजवीकडे ही मोकळी जागा. इथे. आत्ता, या मिनिटाला, आपण सगळे या टिंबात उभे आहोत."

काका वाकले. ते टिंब त्यांनी सोनाराच्या तराजूकडे बघावं तसं बघितलं. मग हळूच त्यांनी मूठ उघडली, खडे कठड्यावर ठेवले आणि मोकळ्या हाताने डोळे पुसले. "डोळ्यात काहीतरी गेलं," ते म्हणाले. त्याबद्दल मात्र त्यांनी तक्रार केली नाही.

टिक-टॉक बारीक होत गेलं. खोल विहिरीत परत उतरलं. पुन्हा खरखर. तेव्हा मागून पेशंट, ज्याला मावशीचं नाव, गाव, काहीच माहीत नव्हतं, बधिर तोंडाने पण अगदी स्पष्ट म्हणाला, "वा!"

आणि मग सगळे म्हणाले. टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही, नुसतं हळू आवाजात, इकडून तिकडून, "वा!" "वा गं!" सतरा वर्षं! मावशीने सेक्रेटरींकडे बघितलं. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून नजर टाकून "नोंद करा" म्हटलं होतं, पुस्तक उघडं होतं, पेन हातात होतं, आणि ते पान कोरं ठेवून आकाशाकडे बघत उभे होते. शेवटी अध्यक्षबाईंनी स्वतःच कपाटाची किल्ली उचलली, पर्समध्ये टाकली आणि कोणी काही विचारायच्या आत जिना उतरून गेल्या.

रविवारी दुपारी बारा वाजता कुठेतरी कोणीतरी एक बटण दाबलं. मावशीला कोणी सांगितलं नाही, पण साडेतीनला, एरवी तो दूरच्या वाटेने जायचा त्या वेळी, तिने हेडफोन लावले. नुसती खरखर. ती गच्चीवर बसून होती, तेवढ्यात तिच्या पायावर सावली आली.

तिने वर बघितलं. पश्चिमेकडून एक ढग येत होता. मोठा, पुढे गोल, मागे शेपूट वळलेली.

ती धावत जिन्याशी गेली, पण या वेळी ओरडावं लागलं नाही. लोक आधीच चढत होते. "आपला आला!" वहिनी म्हणत होत्या, पाहुण्याला घ्यायला स्टेशनवर जावं तशा लगबगीने. "काल बघितलेला! तोच ना? शेपटीवरून ओळखला मी!" पलंगपोसवालीने धावत जाऊन पलंगपोस काढला. सासूबाईंनी ढगाकडे बघून, ओळखीच्याकडे बघून हसावं, तशी मान हलवली. सेक्रेटरी मावशीच्या शेजारी येऊन उभे राहिले. ज्याने या ढगाचं चित्र पाठवलं तो आता कायमचा मुका होता, आणि ढग मात्र, सांगितल्यासारखा, सांगितलेल्या वाटेने, डोक्यावर येऊन पोचला होता.

पाऊस पडला नाही. एक थेंब नाही. नुसती थंडगार, मोठी सावली बिल्डिंगवरून सरकत राहिली आणि तिच्याखाली सगळे माना वर करून उभे.

"मावशी," तक्रारकाका म्हणाले, "काल वरून अगदी पांढराशुभ्र होता हो हा. आणि इथे बघतो तर मळका. कोण मळवतं याला?"

"कोणी नाही काका. ही आपल्याकडची बाजू. इथवर ऊन पोचत नाही."

"म्हणजे वरून अजून पांढराच?"

"अजून पांढराच."

काकांनी जरा विचार केला, कठड्याला हात लावला, आणि हळूच टाचा उंचावल्या.